मथळ्यात अडकलेल्या तारखा

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने कोरोनाकाळात जगाच्या रुग्णसंख्येचा जो तक्ता सर्वांना खुला केला, त्यात प्रत्येक प्रदेशाला एक ओळ होती आणि २२ जानेवारी २०२० पासूनच्या प्रत्येक दिवसाला एक रकाना. मार्च २०२३मध्ये नोंदी थांबल्या तेव्हा तारखांचेच रकाने अकराशेच्या वर गेले होते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या साध्या टेबलात १,०२४ रकानेच मावतात, तेव्हा हा तक्ता तिथे जसाच्या तसा भरताही आला नसता. पण जागा अपुरी पडते हे वरवरचं दुखणं. खरं दुखणं असं, की इथे तारीख ही माहिती असूनही ती रकान्याचं नाव होऊन बसली आहे. एसक्यूएलची साधी क्वेरी रकान्यातल्या मजकुरावर अट घालते, नावावर नाही. त्यामुळे ‘कोणत्या महिन्यात रुग्ण सर्वाधिक वाढले’ हा साधा प्रश्नही अवघड होतो. त्यातून आकडे रोजचे नव्हते, एकूण बेरजेचे होते. प्रदेश, तारीख, आकडा अशा ओळी केल्या, की मागच्या ओळीतलं मूल्य देणारं ‘लॅग’ हे फंक्शन वापरून आजच्यातून कालचा आकडा वजा करता येतो.

ओळी करण्याचा जुना मार्ग म्हणजे रकान्यामागे एक सिलेक्ट लिहून ते ‘युनियन ऑल’ने जोडणं. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलमध्ये त्यासाठी ‘अनपिव्हट’ आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. सोय असली तरी रकान्यांची नावं लिहून द्यावीच लागतात, म्हणजे रोज रुंदावणाऱ्या तक्त्यामागे क्वेरीही रोज बदला! शिवाय अनपिव्हट रिकामे कप्पे मुकाट्याने गाळतो. ‘नोंदच झाली नाही’ हीसुद्धा माहिती असते. ती राखायची तर ओरॅकलला ‘इन्क्लूड नल्स’ असं बजावावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, शाळेचा हजेरीपट असाच आखतात आणि कुणाचं काही अडत नाही. बरोबर आहे, आडवी मांडणी डोळ्यांना सोयीची असते. पण साठवण उभी ठेवून छापताना ती आडवी करता येते. प्रदेशाचं नाव हजारदा लिहिलं जाईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय असा, की नावं वेगळ्या टेबलात ठेवावीत आणि ओळीत फक्त क्रमांक घ्यावा. तरीही ओळी वाढतात, ती किंमत मोजावीच लागते. मात्र या नादात दिसेल तो रकाना उभा करणंही चूकच. त्याच तक्त्यातले अक्षांश-रेखांश हे प्रदेशाचे दोन वेगळे गुण आहेत. त्यांच्या ओळी केल्या, तर नकाशावर एक बिंदू काढायला दोन ओळी पुन्हा जुळवत बसावं लागेल.