डेरिक परेरा : पुण्याला फुटबॉलच्या विजेतेपदाच्या दारात नेणारा बचावपटू

दक्षिण कोरियाचा होंग म्युंग-बो आठवतोय? २००२च्या वर्ल्डकपमध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्या संघाचा कर्णधार आणि बचावपटू. पुढे प्रशिक्षक झाला आणि २०१२च्या ऑलिंपिकमध्ये कोरियाला कांस्य मिळवून दिलं. अशीच वाट आपल्याकडे गोव्याच्या डेरिक परेरांनी धरली.

जुन्नर-आंबेगावात मैदान म्हटलं की कबड्डी, कुस्ती, नाहीतर बैलगाडा. त्यामुळे कबड्डीच्याच भाषेत सांगायचं तर, कोपरारक्षकाला जसं चढाई करणाऱ्यावर लक्ष ठेवता ठेवता आपली साखळीही सांभाळावी लागते, तसंच बचावपटूचं. सगळा खेळ त्याच्यासमोर उलगडत असतो. चांगले बचावपटू प्रशिक्षक म्हणून जमतात, त्यामागे हे एक कारण असावं.

साळगावकर आणि भारताकडून खेळलेले परेरा मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे प्रशिक्षक झाले. २००५-०६ मध्ये महिंद्राने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. तोपर्यंत महाराष्ट्रातल्या एकाही क्लबला हे जमलं नव्हतं!

मग आला पुणे एफसी. २००७ मध्ये सुरू झालेला हा क्लब बालेवाडीत खेळायचा. परेरांच्या हाताखाली २००९-१० मध्ये, आय-लीगच्या पहिल्याच मोसमात, संघ तिसरा आला. २०१२-१३ मध्ये थेट दुसरा. पुढे फक्त चर्चिल ब्रदर्स. याच संघात जपानमध्ये वाढलेला अराता इझुमी होता, जो पुढे भारतीय नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळला.

आज हे दोन्ही संघ नाहीत. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला, पुणे एफसीचा मुख्य संघ २०१५च्या सुमारास संपला. मोठ्या कंपन्यांनी उभे केलेले क्लब त्यांनीच गुंडाळले. गावातल्या तालमीला गाव असतं, या क्लबांना तेवढा वेळच मिळाला नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर परदेशी चेहरे बसले. कायमस्वरूपी नेमणूक मिळालेला पहिला भारतीय २०२१ मध्ये आला, तो म्हणजे महिंद्राचाच जुना खेळाडू खालिद जमील. परेरा तोवर एफसी गोवाचे तांत्रिक संचालक होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो मोसम अर्धवट टाकून गेले, तेव्हा संघ परेरांकडे आला. लीग जिंकलेल्या माणसाला तिथली मुख्य जबाबदारी मिळाली, तीही दुसऱ्याने सोडलेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.