तेरा दिवसांत मंत्रालयात

सरकार आदेश काढतं, वर्तमानपत्रं तो छापतात आणि गावं ऐकतात, असंच आपण धरून चालतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये ही वाट उलटी चालून दाखवली, आणि त्याचं नवल मला अजूनही वाटतं.

शिरोळ तालुक्यातलं हे गाव. नवरा गेला की बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. पुढं हळदीकुंकवालाही तिला बोलवायचं नाही. हे सगळं घरातलं, बायकांनीच बायकांवर करायचं, त्यामुळं चावडीवर त्याचा विषय कोण काढणार? कोरोनात घरोघरी कर्ती माणसं गेली आणि हा प्रकार पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आला. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी तेव्हा स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्रच केलं: माझ्यामागं माझ्या पत्नीवर ही प्रथा लादू नये. जमीनजुमल्याच्या कागदाला आपण जो मान देतो, तोच त्यांनी बायकोच्या कपाळावरच्या कुंकवाला मिळवून दिला! मग ग्रामपंचायतींनी असे ठराव करावेत, असं आवाहनही केलं.

हेरवाडनं ते उचललं. सरपंच होते सुरगोंडा पाटील. ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव झाला. सूचक मुक्ताबाई पुजारी, अनुमोदक सुजाता गुरव. दोनच दिवसांनी, ६ मे रोजी, राजर्षी शाहू महाराजांची शंभरावी पुण्यतिथी होती. महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, पण तो गादीवरून आलेला. हा ठराव पंचायतीतून आला.

वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, वाहिन्यांचे कॅमेरे गावात पोचले. बातमी वाचून दुसऱ्या गावांत, दुसऱ्या घरांत तोच प्रश्न निघाला: आपल्यात काय करायचं? आणि १७ मे रोजी ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं: राज्यातल्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा. खात्याचे मंत्री होते कागलचे हसन मुश्रीफ. ठरावापासून परिपत्रकापर्यंत अवघे तेरा दिवस!

या ठरावात शिक्षा नाही, दंड नाही. मग बदललं काय? मला वाटतं, नकार द्यायला आधार मिळाला. आईच्या बांगड्या फोडू न देणारा मुलगा कालपर्यंत भावकीत एकटा पडायचा. आज तो म्हणू शकतो, ‘गावाचा ठराव आहे.’ त्या ठरावाला बातमीनं ओळख दिली, सरकारनं शिक्का दिला. तिन्हींपैकी एकट्यानं हे झालं नसतं. तरी सुरुवात सभेत हात वर करणाऱ्यांनी केली, हे विसरू नये.

गावच्या मतदारयादीत ज्यांचं नाव आहे, ते सगळे ग्रामसभेचे सदस्य असतात. पुढच्या ग्रामसभेला जा आणि हा विषय मांडा.