मापांचा मेळ

सायकलीचा एखादा नट वाटेत गळून पडला, तर आपण जवळच्या दुकानातून त्याच मापाचा दुसरा नट आणून बसवतो. नट एका कारखान्यात घडलेला असतो, बोल्ट दुसऱ्या. त्या कारागिरांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरीही नट बोल्टवर सहज फिरतो. यात नवल ते काय, असे तुम्हांला वाटेल. परंतु दोनशे वर्षांपूर्वी ही गोष्ट नवलाचीच ठरली असती.

बोल्टच्या अंगावर गोल फिरत गेलेल्या खाचांना आटे म्हणतात. दोन आट्यांमधील अंतर, आट्याची खोली आणि त्याच्या उतारांमधील कोन, हे सारे जुळले तरच नट बसतो. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या मताने आटे पाडीत असे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून मोजले आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. स्वतःचे माप लोकांच्या गळी न उतरवता त्याने चालू मापांचा मध्य काढला, यातच त्याचे शहाणपण दिसते. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचे आटे सुचवले. ते पाडावयास अधिक सोपे होते. अशा रीतीने दोन देशांत दोन नियम रूढ झाले.

अमेरिकेत बोल्टांना नियम लागला खरा. पण आग विझवण्याच्या नळ्यांना तो कोणी लावला नव्हता. ज्या त्या शहराचे माप निराळे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहराच्या व्यापारी पेठेत आग लागली. वारा जोराचा होता. हाक जाताच वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून मदतीस बंब आले. वॉशिंग्टनचे बंब तर आगगाडीवर चढवून आणले होते. माणसे होती, यंत्रे होती, रस्त्याकडेच्या नळांना पाणीही होते. परंतु बाहेरून आलेल्या कित्येक नळ्यांच्या तोंडाचे आटे बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात! सुमारे तीस तास आग धुमसत राहिली आणि दीड हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. पुढे चौकशी झाली, तेव्हा त्या एका देशात नळ्यांच्या जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले. १९०५ साली त्यांचे एक प्रमाण माप ठरवण्यात आले.

एका देशातील शहरांची ही गत, मग देशादेशांची काय असेल? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड व अमेरिका एकाच बाजूने लढत होते. परंतु एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या यंत्राला चालत नव्हता. अखेर १९४८ साली अमेरिका, कॅनडा व इंग्लंड यांनी ६० अंशांचे आटे मान्य केले. शंभर वर्षे वापरलेला आपला कोन बाजूला ठेवणे इंग्लंडला सोपे गेले नसेल. याच सुमारास, १९४६ साली, २५ देशांचे प्रतिनिधी लंडनमध्ये जमले होते. त्यांत भारतही होता. त्यातून १९४७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटना कार्यास लागली. आटे, कागदाचे आकार, आगबोटीवर चढवावयाच्या मोठ्या पेट्या अशा असंख्य वस्तूंची मापे ती ठरवते. तथापि तिच्या हाती दंडुका नाही. तिचे प्रमाण स्वीकारणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर असते.

आणि इच्छा झाली तरी खर्च असतोच. जुने नळ काढून नवे बसवावयाचे, तर सारे शहर उकरावे लागते. म्हणून बाल्टिमोरच्या आगीला शंभर वर्षे लोटली, तरी अमेरिकेतील कित्येक मोठ्या शहरांचे जोड १९०५ च्या मापाशी जुळलेले नव्हते. अशा शहरांत परगावचा बंब मदतीस आला, तर नळी आणि नळ यांच्यामध्ये बसवण्यासाठी दोन्हीकडे निराळे आटे असलेला पितळी जोड जवळ असावा लागतो.