लघुग्रहाला मारली टिचकी!

कॅरमचा बोर्ड काढा, थोडी पावडर टाका आणि मधोमध एकच सोंगटी ठेवा. आता स्ट्रायकर अगदी सरळ तिच्यावर मारा. काय झालं? सोंगटी सुसाट पळाली. स्ट्रायकर मंदावला, पण तोही थोडा पुढे गेलाच!

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, हे तुम्ही नववीत शिकता. स्ट्रायकर साधारण १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ग्रॅमची. समजा, स्ट्रायकर सेकंदाला १ मीटर वेगाने आला. संवेग झाला १५. टकरीत ऊर्जा अजिबात वाया गेली नाही असं धरलं, तर स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी दीड मीटरच्या वेगाने पळते. करा बेरीज. साडेसात आणि साडेसात, पुन्हा १५! खऱ्या टकरीत 'टक्' आवाज होतो, थोडी ऊर्जा खर्च होते, वेग जरा वेगळे येतात. पण संवेगाची बेरीज तीच राहते. हाच संवेग अक्षय्यतेचा नियम.

आता खेळण्यातल्या गाडीवर एक लाकडी ठोकळा घट्ट बसवा आणि त्यावर कणकेचा गोळा फेका. (कणीक मिळवणं तुमच्याकडे लागलं!) गोळा चिकटतो, गाडी सरकते. मग तेवढ्याच वजनाचा रबरी चेंडू तेवढ्याच वेगाने मारा. चेंडू उलटा फिरतो आणि गाडी जास्त पळते. का बरं? कारण उलट दिशेचा संवेग वजा धरायचा असतो. चेंडू ६ संवेग घेऊन आला आणि ३ घेऊन परत फिरला, तर बेरीज ६ राहायला गाडीकडे ९ हवेत ना!

हे वजा चिन्ह नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा आकाशातून आलेल्या पाषाणाच्या धडकेने पडला. असा धोंडा पुन्हा पृथ्वीकडे निघाला, तर त्याला वाटेतच टिचकी मारता येईल का?

ते पाहायला नासाने 'डार्ट' नावाचं यान पाठवलं. भारतीय वेळेप्रमाणे २७ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे ते डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. डायमॉर्फस जेमतेम दीडशे मीटरचा, डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा. त्यापासून आपल्याला धोका काहीच नव्हता. ही नुसती रंगीत तालीम. यान सुमारे ५८० किलोचं, वेग सेकंदाला ६ किलोमीटरहून जास्त. पण डायमॉर्फसचं वस्तुमान चारशे कोटी किलोंच्या पुढे! म्हणजे हत्तीला मुंगीची धडकच म्हणा ना.

यान नुसतं कणकेच्या गोळ्यासारखं चिकटलं असतं, तर हिशेबाने डायमॉर्फसच्या वेगात सेकंदाला जेमतेम ०.८ मिलिमीटरचा फरक पडला असता. प्रत्यक्षात पडला सुमारे २.७ मिलिमीटरचा. तिपटीहून जास्त! हा जास्तीचा संवेग आला कुठून?

धडकेने लघुग्रहावरचे दगडधोंडे आणि धूळ उसळली आणि यान ज्या बाजूने आलं, त्याच बाजूला उलटी उडाली. उलटी, म्हणजे वजा! मग बेरीज जुळवायला डायमॉर्फसला पुढच्या दिशेने तेवढाच जास्त संवेग मिळाला. त्याची प्रदक्षिणा ११ तास ५५ मिनिटांची होती, ती अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. मोहीम यशस्वी म्हणायला ७३ सेकंदांचा फरकही पुरणार होता!

एवढ्याशा मिलिमीटरने काय होणार, असं आईबाबा विचारतील. त्यांनाच गुणाकार करायला सांगा. सेकंदाला एक मिलिमीटर, तर दहा वर्षांत तीनशे किलोमीटरच्या वर. धोंडा जितका आधी दिसेल, तितकी लहान टिचकी पुरते.

मात्र मागे किती माल उडेल, हे तो लघुग्रह टणक आहे की भुसभुशीत, यावर ठरतं. शिवाय डायमॉर्फसचं वरचं वस्तुमान हा अजून अंदाजच होता. ते नेमकं मोजायला आणि धडकेची खूण जवळून पाहायला युरोपचं 'हेरा' यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी पृथ्वीवरून निघालं.