बांबूचे बांधकाम : काठीचे वय, प्रक्रिया आणि टिकण्याचा हिशेब

कांदाचाळ, शेळ्यांचा गोठा, रोपवाटिकेचा मांडव, अवजारांची शेड. शेतावर दरवर्षी काही ना काही उभे करावेच लागते. लोखंड-सिमेंटचे दर ऐकले की बांबूची आठवण होते. त्यात बांबू पर्यावरणपूरक आहे, असेही सगळीकडे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बांबू झटपट वाढतो तसा तो झटपट कुजतोही, आणि ही दुसरी गोष्ट शेड उभी करण्यापूर्वी फारसे कोणी सांगत नाही.

एक साधा हिशेब करून पाहा. बांबूचा कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण ती काठी बांधकामाला पक्की व्हायला ३ ते ४ वर्षे लागतात. समजा, तुमच्या चाळीला १२० काठ्या लागल्या आणि ती चाळ दोन वर्षांत बसली, तर वर्षाला ६० काठ्या खर्ची पडल्या. तेवढ्यासाठी मोठी लागवडच हवी. तीच चाळ १२ वर्षे टिकली, तर वर्षाला १० काठ्या पुरतात. बांधावरची दोन-तीन चांगली बेटे तेवढे सहज देतात. काठी पिकायला लागतो त्याहून कमी काळ ती छपराखाली टिकत असेल, तर ते बांधकाम निसर्गाला परवडत नाही आणि तुमच्या खिशालाही नाही. मजुरी तर दर वेळी नव्याने द्यावी लागते.

हे मी घरी शिकलो. शिक्षण संपवून आल्यावर मोठ्या हौसेने शेळ्यांसाठी बांबूचा गोठा केला. मेढी दोन फूट जमिनीत गाडल्या आणि बुडाला डांबर फासले. बांबू ओला होता. डांबराने आतला ओलावा आतच कोंडला गेला. दुसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याने एक बाजू खाली आली आणि एका गाभण शेळीचा पाय मोडला. मेढ उपटून पाहिली तर जमिनीबरोबरचा भाग हाताने चुरगळत होता. वरच्या वाशांखाली पिठासारखा भुसा पडलेला होता. कृषी पदवीधराच्या गोठ्याची ही अवस्था पाहून वडील काही बोलले नाहीत, एवढेच.

वय ओळखल्याशिवाय काठी घेऊ नका

पहिल्या वर्षीच्या काठीवर कोंबाची तपकिरी आवरणे शिल्लक असतात आणि रंग कोवळा हिरवा असतो. ती तोडू नये. ती वाळल्यावर आकसते, सुरकुतते, शिवाय पुढचे कोंब कोवळ्या काठ्यांच्याच कंदातून येतात. तीन वर्षांपुढच्या काठीचा रंग फिका पडतो, अंगावर पांढुरके डाग दिसतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकले की टणक आवाज येतो. बाजारातल्या मोळीत सगळ्या वयाच्या काठ्या मिसळलेल्या असतात. एकेक काठी उचलून, ठोकून घ्या. स्वतःचे बेट असेल तर दरवर्षी नव्या कोंबांवर ऑइलपेंटने वर्षाचा आकडा घाला, म्हणजे वयावरून वाद राहत नाही.

कोकणातला माणगा जवळपास भरीव, सरळ आणि बिनकाट्यांचा असल्याने मेढी-वाशांना चांगला. विदर्भातला मानवेलही जाड सालीचा. काटेरी कळक जाड पण पोकळ असतो, तो चिरून कामट्या काढायला बरा.

तोडणी पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत करावी. पावसाळ्यात काठीत पाणी जास्त असते आणि तोडताना नवे कोंब मोडतात. कोंब पोसताना काठीतला स्टार्च खर्ची पडतो, म्हणून पावसाळ्यानंतर तो कमी असतो. उन्हाळ्याकडे पुन्हा वाढतो. हा स्टार्चच घुणाला हवा असतो. काही गावांत अमावस्येच्या आसपास बांबू तोडायची रीत आहे. पाळायची तर जरूर पाळा, पण मे महिन्यात तोडलेली कोवळी काठी अमावस्येने वाचत नाही. तोड जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या गाठीच्या अगदी वर घ्या. खुंटाची पोकळी उघडी राहिली की तिथे पाणी साचते आणि बेट कुजू लागते.

घुणासाठी प्रक्रिया

बांबू पाण्यात बुडवून ठेवायची आपली जुनी पद्धत चांगली आहे. ओढ्यात किंवा तळ्यात तीन-चार आठवडे दगड ठेवून बुडवले की स्टार्च बराचसा निघून जातो. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेल्या कामट्याही घुणापासून वाचतात. मात्र या दोन्ही उपायांनी वाळवी आणि कुजवणारी बुरशी थांबत नाही.

त्याहून पक्के काम बोरिक आम्ल आणि बोरॅक्स यांचे. १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक आम्ल आणि ३ किलो बोरॅक्स, कोमट पाण्यात विरघळवून. काठ्या हिरव्या असतानाच, तोडणीनंतर लवकरात लवकर टाकीत टाकाव्यात. अख्ख्या काठीची साल द्रावण आत घेत नाही, म्हणून लांब सळईने आतल्या गाठी आरपार फोडून घ्या. अख्ख्या काठ्या आठ-दहा दिवस, चिरलेल्या कामट्या तीन-चार दिवस पूर्ण बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. नंतर सावलीत उभ्या करून तीन-चार आठवडे वाळवा. कडक उन्हात टाकल्या की तडकतात. नुसते ब्रशने वरून लावणे म्हणजे पैसे वाया.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट. प्रक्रिया केलेला म्हणून विकलेला बांबू तपासता येतो. हळदीचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क कापलेल्या तोंडावर लावून वाळू द्यावा. त्यावर सॅलिसिलिक आम्ल मिसळलेले सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लावावे. बोरॉन पोचलेला भाग लाल होतो, न पोचलेला पिवळाच राहतो. कापलेले तोंड फक्त कडेने लाल झाले तर द्रावण आत गेलेलेच नाही. हातमोजे घालूनच करावे.

कुजण्यावर औषध बांधणीतच आहे

बोरॉनची मर्यादा अशी की ते पाण्यात विरघळते. पावसात आणि ओल्या जमिनीत हळूहळू धुऊन जाते. त्यामुळे प्रक्रिया केलेली मेढही जमिनीत गाडली तर कुजणारच. जमिनीत टिकणारी तांबे-क्रोमियमची रसायने असतात, पण ती दाब देणाऱ्या यंत्रातून भरायची असतात. ती घरी हाताळायची नाहीत, आणि अशा बांबूचे तुकडे चुलीत जाळायचे नाहीत.

आपल्या जुन्या घरांकडे पाहा. लाकडी खांब कधी जमिनीत पुरलेला नसे, तो दगडी तळखड्यावर उभा असे. घर उंच जोत्यावर आणि छपराची पावळी भिंतीपासून बरीच पुढे. कारवीच्या किंवा तुराट्यांच्या कुडाला शेणमातीचे लिंपण असे, दरवर्षी नवे. त्यामुळे पाणी लाकडाला शिवत नसे, आणि शिवलेच तर लगेच वाळत असे. बांबूलाही नेमके हेच हवे. मेढ जमिनीपासून एक ते दीड फूट वर, काँक्रीटच्या किंवा दगडाच्या पायावर लोखंडी पट्टीने बोल्ट करून बसवा. छप्पर चारही बाजूंनी अडीच-तीन फूट पुढे काढा. पायाच्या दगडावर वाळवीचे मातीचे नळ दिसले तर खरवडून टाका; उंच पायाचा एक फायदा हाच, की वाळवी लपून चढू शकत नाही.

जोडणीला खिळे ठोकू नका, बांबू चिरतो. ड्रिलने भोक पाडून बोल्ट घाला किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेने आवळा. जोड शक्यतो गाठीजवळ घ्या.

साधारण अंदाज असा धरा. प्रक्रियेविना जमिनीत गाडलेला बांबू १ ते ३ वर्षे टिकतो. प्रक्रियेविनाच, पण जमिनीपासून उंच आणि छपराखाली असेल तर ४ ते ७ वर्षे. प्रक्रिया आणि बांधणी दोन्ही नीट असतील तर १० वर्षांपुढे.

चाळ आणि गोठ्यात कुठे वापरायचा

२५ टनांच्या कांदाचाळीचा सगळा भार बांबूवर टाकण्याच्या मी विरोधात आहे. मुख्य खांब आणि तळाचे आडवे आधार लोखंडी किंवा सिमेंटचे असू द्या. तळ आणि बाजूच्या भिंती मात्र बांबूच्या कामट्यांच्या कराव्यात. त्या जाळीसारख्या तापत नाहीत, आणि धार घासून घेतली तर कांदा खरचटत नाही. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा म्हणजे खालून हवा खेळते, आणि ढीग पाच फुटांपेक्षा उंच नको. कांद्याला, धान्याला आणि जनावराच्या तोंडाला लागणाऱ्या कामट्यांना रसायन लावू नका. शेळी गव्हाण चाटते, कुरतडते. या कामट्या पाण्यात भिजवलेल्या असाव्यात, आणि सुटसुटीत बांधलेल्या, म्हणजे खराब झालेली तेवढीच बदलता येते.

स्वतःच्या शेतातला बांबू तोडण्याची भीती आता बाळगू नका. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधी बांधावरच्या बेटाला हात लावायचा तरी परवान्याची चिंता असे.

उरलेल्या द्रावणाचे काय?

हा भाग बहुतेक जण विसरतात आणि नुकसान पिकाचे होते. १००० लिटरच्या टाकीत वरच्या प्रमाणाने जवळपास ७ किलो बोरॉन असतो. कमतरता असलेल्या जमिनीतही पिकाला हेक्टरी एक-दोन किलो पुरतो. कमतरता आणि विषबाधा यांतले अंतर बोरॉनच्या बाबतीत फार थोडे आहे. टाकी बांधावर ओतली, तर त्या तुकड्यातल्या घेवड्याच्या किंवा द्राक्षाच्या पानांच्या कडा करपलेल्या दिसतील आणि कारण कोणाला सापडणार नाही. विहीर, ओढा, शेततळे यांच्या जवळपासही ते नेऊ नका. द्रावण टाकून द्यायची गरजच नसते. ते गाळून झाकून ठेवा, कमी झालेले पाणी आणि रसायन त्याच प्रमाणात भरा आणि पुढची खेप बुडवा. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून गावात एकच टाकी केली तर खर्च विभागला जातो आणि द्रावण वर्षभर कामात राहते. टाकीवर झाकण आणि भोवती कुंपण मात्र हवेच; उन्हाळ्यात तहानलेले जनावर कोणत्याही पाण्याला तोंड लावते.