पूररेषेतील घर आणि विम्याचा हप्ता

१९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर फ्लोरिडात अनेक विमा कंपन्यांनी किनारपट्टीवरील घरांचे हप्ते वाढविले, काहींनी विमा देणेच थांबविले. २००२ मध्ये राज्याला 'सिटिझन्स' ही स्वतःची विमा संस्था उभारावी लागली. नाशिकला समुद्र नाही, परंतु गोदावरी आहे. १९६९, २००८ आणि २०१९ या वर्षीचे पूर येथे सर्वांच्या स्मरणात आहेत. दुतोंड्या मारुती कोठवर बुडाला, यावरून नाशिककर आजही पुराची उंची सांगतात.

आगीत एक घर जळते आणि हप्ते हजारो घरे भरतात. पुरात मात्र काठावरील सर्व घरे एकाच दिवशी बुडतात. म्हणून कंपनी आपली जोखीम पुनर्विमा कंपनीकडे सोपविते, आणि परदेशातील मोठ्या आपत्तीनंतर पुनर्विमा महागला की त्याचा भार येथील हप्त्यावरही येऊ शकतो. भारतात अग्निविम्याचे दर २००६ अखेरपर्यंत टॅरिफ सल्लागार समिती ठरवीत असे. १ जानेवारी २००७ पासून ते कंपन्यांवर सोपविण्यात आले. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ व भूकंप यांचा समावेश आहे.

जोखमीनुसार हप्ता हे तत्त्व शास्त्रशुद्ध खरे. परंतु जुन्या वाड्यातील भाडेकरूचे काय? वास्तू मालकाची, त्याला केवळ सामानाचा विमा घेता येतो. निळ्या व लाल पूररेषेनुसार दर आकारल्यास सर्वाधिक हप्ता त्याच्याच वाट्याला येईल, आणि काठ सोडून जाणे त्यालाच सर्वांत कमी परवडते.