राष्ट्रांना जामीन कोण?

बलाढ्य राष्ट्र दुबळ्या राष्ट्रावर चाल करून जाते, जगभर निषेधाचे ठराव होतात आणि तोफा मात्र चालूच राहतात. मग या आंतरराष्ट्रीय संघटना हव्यात कशाला, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे साहजिक आहे. या प्रश्नावर अभ्यासकांमध्ये शंभर वर्षे वाद चालू असून आदर्शवाद व वास्तववाद हे त्यातील दोन प्रमुख पक्ष होत.

पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आदर्शवादी भूमिका मांडली. देशात कायदा असतो तसा राष्ट्राराष्ट्रांतही असावा आणि एकावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानावा, असा तिचा आशय होता. यालाच सामूहिक सुरक्षितता म्हणतात. १९२० साली सुरू झालेल्या राष्ट्रसंघाच्या करारात सोळाव्या कलमाने हेच वचन दिले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक सभासद राष्ट्र दुसऱ्याला जामीन राहिले. खुद्द अमेरिका मात्र सभासद झाली नाही.

जामीनदाराची परीक्षा कर्ज थकल्यावरच होते. ती वेळ ३ ऑक्टोबर १९३५ रोजी आली. मुसोलिनीच्या इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, आक्रमण केले. दोन्ही देश राष्ट्रसंघाचे सभासद होते. संघाने इटलीला आक्रमक ठरवले आणि नोव्हेंबरपासून आर्थिक निर्बंधही लादले. शस्त्रे व कर्ज देणे बंद झाले, इटलीचा माल घेणे बंद झाले. परंतु ज्याच्यावाचून रणगाडे आणि विमाने चालत नाहीत ते खनिज तेल यादीतून वगळण्यात आले. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला.

असे का झाले? ब्रिटन व फ्रान्स यांना हिटलरची धास्ती होती आणि त्याच्याविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूला हवा होता. म्हणून डिसेंबरमध्ये होअर आणि लाव्हाल या त्यांच्या मंत्र्यांनी अबिसिनियाचा मोठा भाग इटलीला देण्याची गुप्त योजना आखली. ती फुटली, लोकक्षोभ उसळला आणि होअर यांना राजीनामा द्यावा लागला. इकडे इटलीने विषारी वायू वापरला. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडले. ३० जून रोजी सम्राट हेल सेलासी यांनी जिनिव्हाच्या सभेत स्वतः उभे राहून दाद मागितली. पुढच्याच महिन्यात निर्बंध उठवले गेले.

वास्तववादी म्हणतात, यात नवल ते काय? राष्ट्रांच्या वर कोणतेही सरकार नाही. म्हणून प्रत्येक राष्ट्र आधी स्वतःचे पाहते. ई. एच. कार यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात आदर्शवादाची हीच चिकित्सा केली. मात्र निव्वळ वास्तववादही अपुरा आहे, हेही त्यांनी नमूद केले.

आणि ते खरेच होते. ज्या मुसोलिनीला दुखवायचे नाही म्हणून अबिसिनियाचा बळी दिला, तो १९३६ मध्येच हिटलरच्या गोटात गेला आणि जून १९४० मध्ये त्याने ब्रिटन-फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. म्हणजे तत्त्वही गेले आणि हिशेबही चुकला.

या अनुभवानंतर १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन करताना पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार देण्यात आला. बडी राष्ट्रे संघटनेबाहेर राहू नयेत, हा त्यामागील वास्तववादी विचार. त्याची किंमतही मोठी आहे. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धचा ठराव आक्रमण करणाऱ्या रशियानेच सुरक्षा परिषदेत रोखला. २ मार्च रोजी आमसभेत १४१ राष्ट्रांनी निषेध केला, पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो.

म्हणून कायदा निरुपयोगी आहे असे नव्हे. कायदाच नसता तर इटलीला आक्रमक ठरवण्यालाही आधार उरला नसता. परंतु कायद्यासाठी तोटा सोसण्याची तयारी हवी. यापुढे असा ठराव वाचनात आला, तर त्यातील शब्द किती कडक आहेत एवढेच न पाहता निर्बंधांच्या यादीतून काय वगळले आहे, तेही वाचकांनी अवश्य पाहावे.